चौदाव्या मुलीशी कोणी बोललं नाही

इस्क्रा : ...बाकी रकान्यांत सहा आणि सात. वाळूच्या खेळाला तर सातपैकी सात दिलेत. बारा वर्षं बालवाड्या तपासत हिंडतेय, सात मी सहसा देत नाही. पण या एका रकान्यात दोनच देता येतील, रुमियानाबाई. 'मोठी माणसं प्रत्येक मुलाशी बोलतात का?'

रुमियाना : दोन? अहो, आमच्याकडे बोलण्याशिवाय दुसरं चालतं काय! घसा बघा माझा, पार बसलाय.

इस्क्रा : तेरा मुलांशी बोललात, छान बोललात. चौदाव्या मुलीशी सकाळपासून कोणी चकार शब्द बोललं नाही.

रुमियाना : कोणती मुलगी?

इस्क्रा : ती, दारापाशी बाकावर बसलेली. तपकिरी लोकरी कोट. खोलीत एवढी ऊब, तरी तिचा कोट काढून ठेवावा असं कोणाला वाटलं नाही. कोण कुठे खेळतंय ते मी दर दहा मिनिटांनी टिपते, हे बघा. नऊला बाकावर. नऊ दहाला बाकावर. नऊ वीसला बाहुल्यांच्या घरापाशी नुसती उभी. साडेनऊला परत बाकावर.

रुमियाना : इस्क्राबाई, गुण कापायचे तर खुशाल कापा, पण नसतं मूल माझ्या माथी मारू नका. असा कोट घालणारं पोर माझ्या शाळेत नाही.

इस्क्रा : माझे डोळे अजून शाबूत आहेत.

रुमियाना : मग चला. सगळी आत्ताच जेवून झोपलीत. दाखवा मला, कोणती ती.

(दोघी मुलांच्या झोपायच्या खोलीत जाऊन येतात. रुमियाना दार आवाज न करता ओढून घेते.)

रुमियाना : सापडली?

इस्क्रा : नाही. खाटा तेराच आहेत.

रुमियाना : मुलं तेरा, म्हणून खाटा तेरा. बसा जरा. मी सांगणारच होते तुम्हाला, चहा झाल्यावर. अर्जात चौदा लिहिलंय ते सोमवारपर्यंत खरं होतं. सोमवारी आसेनच्या आईबापांनी घराला कुलूप घातलं आणि त्याला घेऊन गेले स्पेनला, संत्री तोडायला. चौदाच्या खाली पट गेला की शाळा बंद, असं पत्र तुमच्याच कचेरीनं धाडलंय. जूनपासून ही एवढाली पोरं बसमध्ये कोंबायची आणि बावीस किलोमीटर घाट उतरवायचा. ओकत जातील बिचारी. चार दिवस मनाशी घोकतेय की गप्प बसावं. पण नाही हो जमत. तेरा लिहा.

इस्क्रा : मग मी दोरा कोणाला बांधला?

रुमियाना : कुठला दोरा?

इस्क्रा : आज एक मार्च ना, वसंताच्या सणाचा दिवस! आल्या आल्या सगळ्यांच्या मनगटांना लाल-पांढरे दोरे बांधले मी, तुमच्यादेखत. आजच्या दिवशी पोरांच्यात रिकाम्या हातानं कोण येतं? तुमचा अर्ज बघून चौदाच वळून आणले होते. हा डबा. बघा, आहे का एखादा उरलेला?

रुमियाना : पडला असेल कुठेतरी.

इस्क्रा : शेवटचा तिलाच बांधला. बाकीच्यांच्या हातात घरून बांधलेला एकेक होताच, हिचंच मनगट मोकळं. आणि इतकं गार, की मीच दचकून हात मागे घेतला. म्हटलं, हिला बरं नाही की काय? तर मला विचारते, 'हापण हरवला तर?'

सेव्दा : काय म्हनाली?

रुमियाना : सेव्दामावशी, तुम्ही कधी येऊन उभ्या राहिलात? चहा ठेवा तिथे आणि पोरांकडे बघा. आमचं कामाचं चाललंय.

सेव्दा : न्हाई जायची. बाई, पुन्यांदा सांगा. काय म्हनाली ती?

इस्क्रा : 'हापण हरवला तर?' मी म्हटलं, हरवला तर हरवला, शोधत नको बसूस. मी दुसरा देईन.

सेव्दा : शोधत नको बसूस म्हनालात. बरं केलंत. लई बरं केलंत.

रुमियाना : मावशी, अहो, काय झालं?

सेव्दा : केस कसं व्हतं तिचं?

इस्क्रा : दोन वेण्या. एक सुटलेली. पुढचे दोन दात पडलेले.

सेव्दा : तवा एकच पडल्याला. दुसरा हलत व्हता. सकाळी जिभेनं हलवून दावला व्हता मला.

रुमियाना : कोणी दाखवला? कोणाबद्दल बोलताय तुम्ही?

सेव्दा : एल्का. माझ्या जोडीची. सत्तावन्न सालं झाली बाई, हीच शाळा, ह्योच बाक. मार्चच्या पहिल्या तारखेला आमाला पाइनच्या रानात खेळाय नेल्यालं. बर्फ गुडघ्यापातुर. शाळेत समद्यांना एकेक दोरा बांधला व्हता, मला मातर दोन. आजीनं घरून बांधल्याला एक. परतायच्या टायमाला आभाळ भरून आलं. बाईंची घाई झाली. म्हनाल्या, चला, दोरेवाले हात वर! त्यांनी डोकी न्हाई मोजली. दोरे मोजले. पोरं चौदा, दोरे बी चौदा भरले.

रुमियाना : मग बरोबरच होतं की.

सेव्दा : म्या दोन्ही हात वर केलं व्हतं.

रुमियाना : अगं आई गं!

सेव्दा : मिरवायचं व्हतं मला, दोन दोरे हायेत म्हनून. एल्काचा रानात पडला, ती माझा हात सोडून शोधाय गेली. म्हटलं, येईल मागनं. येप्रिलात बर्फ उतरला तवा गावली.

रुमियाना : इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत, मावशी.

सेव्दा : कुनाला सांगू? समद्या गावानं बाईंना बोल लावला. त्या गाव सोडून गेल्या. म्या गप. तीस सालं ह्यो बाक पुसतीया, एकदा पन दिसली न्हाई मला. आनि ह्या बाई सकाळी जिल्ह्यावरनं येत्यात, त्यांच्यासंगट बोलती! रागावली असंल माझ्यावर. रागावनारच.

इस्क्रा : रागावलेली नाही वाटली. अकरा चाळीसला ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, असं लिहिलंय मी. बारालाही तिथेच. सकाळभरात बाक सोडून एवढा वेळ ती दुसरीकडे कुठे थांबली नाही. तुम्ही पाठमोऱ्या होतात, मसुराचं सूप ढवळत होतात. खरं सांगू? मी तो गुण तुमच्यापायीच कापला. शेरा लिहिलाय, 'मावशी वळून बघत नाहीत.'

सेव्दा : पाठीला गार लागत व्हतं बाई. मला वाटलं, दार उघडं ऱ्हायलं. म्या लोटून घेतलं.

रुमियाना : पुरे आता. बसा, मावशी, बसा. इस्क्राबाई, माझ्या अंगावर काटा आलाय, खोटं कशाला बोलू. पण कागद तो कागद. तेरा लिहा आणि मोकळ्या व्हा. शाळेवर माझा जीव आहे, पण ती खोट्यावर चालवायची नाही मला.

सेव्दा : कुलूप लागलं तर ती जाईल कुठं?

इस्क्रा : खोटं कुठलं? मी माझ्या हातानं चौदा दोरे बांधले. माझ्या कागदावर चौदा मुलं आहेत, कोण कुठे होतं त्याच्या वेळेसकट. तेरा लिहिलं तर तेच खोटं होईल.

रुमियाना : आणि उद्या कोणी मोजायला आलं तर?

इस्क्रा : मोजतील. मीही मोजलंच ना.

रुमियाना : तुम्ही दोघी मिळून मला वेडी करणार. थांबा... एक सांगू? पोरं फेर धरतात ना, तेव्हा एका जागी मध्येच अंतर सोडतात. रोज. मी ओरडते, अरे हात धरा, भोक ठेवू नका. तर ती माझ्याकडे अशी बघतात, जणू मलाच कळत नाही. धाकटा राडोय म्हणतो, 'धरलाय की, बाई.'

सेव्दा : बगा.

रुमियाना : मला वाटायचं, खेळ असेल त्यांचा. इथे सगळा खेळच तर आहे. म्हटलं, कशाला मोडा.

इस्क्रा : सही तुम्हालाच करायची आहे. मी आग्रह करणार नाही.

रुमियाना : द्या ते पेन इकडे. आसेनचं नाव खोडते आधी, तेवढं तरी खरं राहू दे. त्याच्या खालच्या ओळीत लिहा.

इस्क्रा : नाव?

सेव्दा : एल्का.

इस्क्रा : वय?

सेव्दा : माझ्याच वयाची हाय, बाई. पन सहा लिवा.