सरका बाप्पाहो

पुसदच्या स्टँडवर महागावच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक शेतकरी आणि कॉलेजातल्या कुणी मॅडम बोलत होते. जमिनीचं भांडण असेल म्हणून कान दिला.

"बशीरभाई, तुमच्या वावरातली लढाई जुन्या दप्तरात सापडली. तुमच्या गावच्या बायांच्या गाण्यात सतरा शिपाई मेलेले. मार्चमध्ये मशीनवरही जमिनीखाली सतराच सांगाडे दिसले, वावराच्या मधोमध."

"मंग जमलं तं, मॅडम."

"काल पुन्हा मशीन फिरवलं. सतराच आहेत, पण सगळे पार कडेला, धुऱ्यापाशी."

"मे महिन्यात नांगरलं ना म्या."

"नांगरानं हाडं मोडतात. हे अख्खे आहेत, ओळीनं निजलेले."

"त्यायले नांगर कायले लागंल? आवाज देल्ता म्या. आजाच्या काळापासून रिवाज हाय आमच्यात. 'सरका बाप्पाहो, नांगर येऊन राह्यला' म्हनाचं, मंगच बैल जुपाचे."

"आमचे भूगर्भवाले सर म्हणतात, मशीन चुकलं."

"म्हनू द्या."

"काल सांगितलं तसं, उद्या आम्ही खोदायला येतोय. तोवर वावरात काही बोलू नका."

"मी कायले बोलू? पन आमची नात, गुलनार, सकाळी वावरात गेलती. तिले म्या सांगतलं होतं, उद्या शहरातून पाहुने येतेत."

"मग?"

"तिनं धुऱ्यावर उभं राहून आवाज देला."

"सरका म्हणाली?"

"नाई. 'उठा बाप्पाहो, पाहुने येऊन राह्यले' म्हनली."