दुसरी डीव्हीडी आधी लावणारे नाना

काकू, मंडळी, नमस्कार. काकू, आज नानांच्या शोकसभेत तुमच्याकडे बघून मला बोलता यायचं नाही, म्हणून मागच्या दाराकडे बघून बोलते. रागावू नका.

मी वसुधा. इथे देवासला शाळेत चित्रकला शिकवते. नाना बँकेतून रिटायर झाले आणि दर रविवारी दुपारी याच हॉलमध्ये आपल्याला सिनेमे दाखवू लागले. कसले सिनेमे? बाई कपाट उघडते आणि आत नदी वाहत असते, असले! सगळे परदेशी. नाना माईक धरून एकेक संवाद मराठीत सांगायचे, मध्येच इथल्या माळव्याच्या हिंदीत घसरायचे. आपण विचारायचो, नाना, हे खरं की स्वप्न? ते म्हणायचे, भिया, वो छोड़ो, त्या बाईला काय हवंय ते बघा.

काय हवंय! आपल्यात बाईला असं कोण विचारतं हो? नवरा गेल्यापासून मला सगळे फक्त कसं वागायचं तेच सांगत होते. धारचे प्रकाश, माझ्यासारखेच चित्रकलेचे मास्तर. त्यांनी लग्नाचं विचारलं होतं आणि मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. हवं होतं. खूप हवं होतं. पण चार लोकांच्या भीतीनं तोंडातून शब्द निघत नव्हता.

तशात तो दोन डीव्हीडींचा सिनेमा लागला. एक बाई घरातून निघते, भिंतींतून आरपार चालत जाते, आवडत्या माणसाला मनातलं सांगते. पुढे ती आपल्या घरी शांत झोपलेली दिसते. मला वाटलं, बोलून आली, म्हणून झोप लागली बिचारीला. मला कित्येक वर्षांत धड झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेतून सुट्टी घेतली, धार गाठलं आणि प्रकाशना हो म्हणून आले.

पुढच्या रविवारी नाना कान पकडून उभे. म्हणाले, घोळ झाला, मी दुसरी डीव्हीडी आधी लावली. ती बाई आधी झोपली होती, गेली ते सगळं स्वप्नात. आणि आपण त्यावर तासभर चर्चा केली होती! सगळे हसले. मी नाही हसले. माझ्या शेजारी प्रकाश बसले होते.

नंतर नानांना गाठून सगळं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. काकू, तुम्ही होतात तिथे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ती गेली नसेल गं. तू गेलीस ना?"

आमच्या लग्नात माझ्या बाजूनं नानाच उभे राहिले. लोक बोलले, तेही त्यांनीच ऐकून घेतलं. नाना, फार उपकार झाले तुमचे. तो सिनेमा तुम्ही नीट लावला असता, तर मी अजून विचारच करत बसले असते.

आता उभं राहून मौन नको. बसूनच डोळे मिटू या. आपल्याला खरंच काय हवंय ते मनात येऊ द्या. लाजू नका, कोणी बघत नाही. दोनच मिनिटं. आणि डोळे उघडले, की उठा आणि जा. कुठे जायचं, ते ज्याचं त्याला ठाऊक आहे.