पाहुणीचं लायसन्स

आई : अगं, हे वायपर कसे थांबवायचे? मला फक्त वळायचं होतं!

लेक : तो दांडा नाही, आई, दुसऱ्या हाताचा. इथे सगळं उलटं. आणि उजवीकडून चालव, उजवीकडून!

आई : ओरडू नकोस. घरी घाटात गाडी घालते मी.

लेक : फोन वाजतोय. त्याचाच.

आई : वाजू दे. जावईबापू कामावर गेलेत ना?

लेक : गेलाय. पण गाडी कुठे आहे ते त्याला मोबाइलवर दिसतं.

आई : म्हणजे आत्तासुद्धा?

लेक : ह्या सिग्नलला उभ्या आहोत, तेही.

आई : आधी का नाही बोललीस?

लेक : निघाली असतीस मग?

आई : निघाले असते. चालत. वकिलात किती लांब आहे अजून?

लेक : नदी ओलांडली की आलीच. माझा पासपोर्ट त्याच्याकडे आहे, पण तिथे आपलं कुणीतरी ऐकून घेईल.

आई : तुझंही घरचं लायसन्स आहे की. मीच शिकवलं होतं तुला.

लेक : ते पाहुण्यांना चालतं, तुझ्यासारख्या. इथे राहायला आलं की काही महिन्यांत बाद. मग इथली परीक्षा द्यायची. दर वेळी म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू.

आई : फोनवर तर म्हणायचीस, गाडीची गरजच पडत नाही.

लेक : तो समोर बसलेला असायचा, आई.

आई : ...मागे निळा दिवा लागलाय. आपल्यासाठी का गं?

लेक : आपल्याचसाठी. बाजूला घे. हळू.

(काच खाली जाते. पोलीस वाकून लेकीशी तिथल्या भाषेत बोलतो.)

लेक : लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट मागतोय.

आई : हे घे. फोटो माझाच आहे म्हणावं, आजारपणातला.

लेक : दोन्ही बरोबर आहेत म्हणाला.

आई : मग निघू?

लेक : किल्ली द्यायला सांगतोय.

आई : का? आत्ता तर बरोबर म्हणाला!

लेक : गाडी त्याच्या नावावर आहे. त्यानं फोन केलाय, सासूबाई न विचारता गाडी घेऊन गेल्या, बायकोचंही डोकं ठिकाणावर नसतं. तो यायला निघालाय. तोवर हलायचं नाही.

आई : अगं, मग सांग ह्याला काय झालंय ते!

लेक : सांगितलं. हसला. म्हणतो, काळजी करू नका, नवरा फार प्रेमानं बोलत होता.

आई : मला ह्यांची भाषा येत असती तर...

लेक : दे किल्ली. आणि माझी बाही वर कर. ह्या हातानं मला जमत नाही.

आई : अगं बाई... हे कधी?

लेक : रडू नकोस. जरा मागे सरक, त्याला नीट दिसू दे.

आई : वही का काढली त्यानं?

लेक : माहीत नाही.

आई : आता काय म्हणाला? सांग ना.

लेक : पोलिसांच्या गाडीत बसा म्हणतोय, दोघी. आणि दार आतून लावून घ्या.