बळीरामच्या बोटावरचा पयला नंबर

अरे पन काहून? एवढंच सांगा मले, काहून? परवापरवापर्यंत आमच्या महाल मोहल्ल्यात कुठंही इचारा, "लग्नाले बाजा कोनाचा?" की पयलं नाव रुपराव मास्तरचं! म्हंजे माहं! आता तुमाले सांगतो, इचारनारा मानूस दुसऱ्या कोनाले इचारत नाई, बळीरामले इचारते. चौकातच त्याचा पानठेला. पारशिवनीहून कोनी येते, पोरीचं लग्न काढलं असते, बसमधून उतरलं की पान खाते, अन् खाता खाता इचारते, "काहो, बँड कुठं भेटल?" बळीराम पानाले चुना लावता लावता बोट दाखवते, की तिकडं निघाले लोक! डॉक्टर, शिंपी, भाड्याची खोली, बँड... सगळं त्या चुन्याच्या बोटावर. अन् त्या बोटावर पयला नंबर होता जी आपला!

अन् एका हप्त्यात तिसरा! पयला कोन? जयवंता! ज्याचं क्लॅरनेट बकरीले कुत्रं चावल्यासारखं ओरडते! दुसरा कोनी नवाच, त्याचं तं नावही मले माहीत नाई, अन् मग आपन. ऐन वैशाखात माहे ढोलवाले ढोलाले टेकून झोपून राहिले!

आमच्या घरची म्हने, "अवो, जाऊन इचारा ना त्याले." मी इचारू? रुपराव मास्तर, अन् पानवाल्याले इचारू? छट! त्यापेक्षा डोकं लढवलं... आता नव्हतं तेच लढवलं म्हना! पाटी नवीन रंगवली. आधी फक्त 'रुपराव बँडपार्टी' होतं. आता लिहाले सांगतलं, लग्न, बारसं, मुंज, मिरवनूक, निवडनूक, पहिलवान जिंकल्यास, पोरगा पास झाल्यास... पेंटर म्हने, "मास्तर, पाटी तं भरली. तुमचं नाव कुठं लिहू?"

मग रिक्षावाल्याइले सांगतलं, मानूस आना, चहा प्या. बाप्पा! कोनालेही आनून राहिले! एक म्हातारा आला गाल धरून. म्हटलं, "या जी, बसा, लग्न कोनाचं?" म्हने, "लग्न नाई गा, दाढ!" त्याले दातवाल्या डॉक्टरकडं जायाचं होतं! अन् रिक्षावाला मागून म्हनते, "मास्तर, मानूस तं आनला ना? सांगा चहा!"

शेवटी गेलो. पयला नंबर होता जी आपला, अन् त्या ठेल्यावर जायाले पाय उचलेना. म्हटलं, "बळीराम, नाराज आहेस का गा?"

मान खालीच. पान लावून राहिला. म्हने, "नाई मास्तर, नाराज काहून होऊ? आजही सांगतो लोकाइले, सगळ्यात गोड क्लॅरनेट रुपरावचं. पन पोरीचा बाप इचारते, 'बिदाईपर्यंत थांबते का?' आता मास्तर... तिथं मी खोटं कसं बोलू?"

ऐकलं अन् मंग ध्यानात आलं! चैत्रात त्याच्या पोरीचं, जयाचं लग्न झालं. एवढीशी होती तं माह्या दुकानासमोर येऊन नाचे ते पोरगी. मीच शब्द देला होता, जये, तुह्या लग्नात मीच वाजवीन! अन् काय केलं मी? त्याच दिवशी गांधीबागच्या एका कपडेवाल्या शेठचीही सुपारी घेतली! इकडं लग्न लागलं, जेवनं झाली, अन् मी घड्याळ पाह्यलं अन् पार्टी उचलली. म्हटलं, बळीराम घरचाच मानूस, घेईल समजून. घरच्याच मानसाचा गळा कापाले सोपा असते जी!

मी म्हटलं, "मग बिदाई... बिनबाज्याची?"

म्हने, "पोरीनं मागं वळून पाह्यलं, बाजा काहून नाई म्हनून. मग मीच तोंडानं वाजवला गा. पीपी, पीपी... रिक्षामागं, कोपऱ्यापर्यंत."

तोंडानं! मास्तर कोन, अन् वाजवलं कोनं? म्हटलं, "चुकलो गा बळीराम." म्हने, "चुकले. पान खा." पान देलं, पैसे नाई घेतले, अन् बोट होतं तिथंच ठेवलं, तिसऱ्यावर. बरोबरच आहे. एका पोरीची बिदाई काय दोनदा होते?

तवापासून कान धरला. एक दिवस एकच सुपारी, अन् बिदाई सोडत नाई म्हंजे नाई! मागच्या हप्त्यात एका लग्नात पोरगी गेली, मी वाजवून राहिलो. वऱ्हाड गेलं, वाजवून राहिलो. मांडववाल्यानं कनाती सोडल्या, खुर्च्या उचलल्या, मी वाजवूनच राहिलो! शेवटी पोरीच्या बापानं हात जोडले, "मास्तर, आता मले जरा रडू द्या ना हो!"

काल ठेल्यामागं उभा होतो, चोरावानी, कान देऊन. एक पाव्हना बळीरामले इचारते, "रुपरावचा बँड बिदाईपर्यंत थांबते का गा?" मी ठेल्याले आनखी चिकटलो जी!

बळीराम म्हने, "थांबते ना जी. पक्का थांबते." अन् चुना लावता लावता म्हने, "पन मग जातच नाई!"