हाकेच्या तळ्याची वाट

ऐका. जवळ सरका जरा, आणि ती बॅटरी बंद करा बघू. निखाऱ्याचा उजेड पुरे आहे. हां.

उद्या तुम्ही वरच्या तळ्याला जाणार म्हणता ना? मग आज हे ऐकूनच झोपा. ही काही इकडची तिकडची गोष्ट नाही. जिच्यावर बेतली ती चांगुणा लोहकरे, माझी चुलतबहीण. मरायच्या आदल्या साली तिनं मला समोर बसवून सगळं सांगितलं. म्हणाली, "भाऊ, माझ्या माघारी सांगत जा." म्हणून सांगतो.

चांगुणा अंगानं काटकुळी, पण पाय हरणाचे. लहानपणापासून हिरडा वेचत डोंगरात हिंडलेली. नवरा गेल्यावर ती शहरातून डोंगर चढायला येणाऱ्या पोरापोरींना जेवण करून घालायची, कधी वाट दाखवायला सोबत जायची. रानातली एकेक पायवाट तिला पाठ. आणि एक गोष्ट तिला सगळ्यात आधी शिकवलेली होती. तळ्यापाशी बोलायचं नाही.

का? ऐका. त्या तळ्याचं नावच हाकेचं तळं. तिथं चकवा राहतो. चकव्याला तोंड नाही, रूप नाही, स्वतःचा आवाजसुद्धा नाही. तिथं जो आवाज पडेल तो त्याचा. एकदा ऐकला की घेतलाच! म्हणून आमच्याकडं तिथं म्हैस हरवली तरी मुक्यानं शोधतात.

थंडीचे दिवस होते. चौघं आली होती. तीन पोरं आणि एक पोरगी. पोरीचं नाव मैथिली, एकोणीस-वीस वर्षांची. सकाळी चांगुणाच्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन वर गेली. चांगुणानं बजावलं होतं, "तळ्यावर आरडाओरडा करू नका." पोरं हसली. दिवेलागण झाली, आणि खाली आले ते तिघंच.

"चौथी कुठं हाय?" चांगुणानं विचारलं.

त्यांच्यातला मोठा, देवदत्त त्याचं नाव, तो खाली बघून म्हणाला, "येतेय मागून. तिच्या बुटाचा तळ निघाला, मावशी. फार हळू चालत होती. अंधार पडायला लागला, म्हणून आम्ही पुढे आलो. वाट सरळच आहे ना."

"कुठं सोडली तिला?"

"तळ्यापाशी."

तळ्यापाशी! बघा आता. एवढी धडधाकट तीन पोरं, आणि एका पोरीला अनवाणी पायानं तिथं टाकून आली. आणि दिवसभर काय केलं होतं? तळ्यावर उभं राहून एकमेकांच्या नावानं हाका मारल्या होत्या. मजा म्हणून!

गावातले गडी पलीकडच्या वाडीवर मयताला गेलेले. चांगुणानं कोयता घेतला, बॅटरी घेतली. देवदत्तला म्हणाली, "चल."

तो म्हणाला, "माझा गुडघा गेलाय."

बाकीचे दोघं भिंतीकडं बघत बसले. तेव्हा ती एकटीच निघाली.

कारवीच्या रानातून चढली. ओढा ओलांडला. खिंडीच्या तोंडाशी आली. खिंडीपलीकडं तळं, फार तर शे-दोनशे पावलं. तिथं आली आणि हाक आली.

"मावशी! मावशी!"

दोनदा. चांगुणा थांबली. भूत दोनदाच हाक मारतं, माणूस तिसरी मारतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? ती तिसरीची वाट बघत राहिली. आली नाही. मग पुढं बॅटरीचा उजेड दिसला. हलणारा, लंगडत चालणारा. चांगुणा त्याच्या मागं गेली. उजेड पुढं, ती मागं. एक अंजनाचं झाड लागलं. पुन्हा तेच झाड लागलं. तिसऱ्यांदा तेच!

तिनं ओळखलं. चकवा लागला.

चकवा लागला की काय करायचं? जागच्या जागी बसायचं. उजाडेपर्यंत उठायचं नाही. चांगुणा बसली. पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले. आणि तेवढ्यात रडणं ऐकू आलं. बारीक, दमलेलं, नाक ओढत ओढत. "मावशी... मावशी... मावशी गं..."

तिसरी हाक! काय करेल बाई? लेकरू नव्हतं तिला, पण काळीज होतं. उठली.

पोरगी पाण्याच्या काठावर बसली होती. एका पायात बूट, दुसऱ्याला ओढणी गुंडाळलेली, ओढणी रक्तानं भिजलेली. चांगुणानं लांबूनच विचारलं, "नाव काय तुझं?"

"मैथिली."

"सकाळी काय खाल्लंस?"

"भाकरी आणि ठेचा. तिखट लागला म्हणून तुम्ही मला वर तूप घातलंत. मावशी, असं का विचारताय?"

चांगुणानं तिचा हात धरला. हात गरम होता. ताप भरला होता पोरीला. चांगुणा म्हणाली, "चल बाळा. आता हात सोडायचा न्हाय."

तळ्यापाशी बोलली हो ती. एवढं सगळं बोलली.

दोघी निघाल्या. पोरगी पाय ओढत, ही आधार देत. खिंड आली. बॅटरी पिवळी पडली आणि विझली. वारा सुटला. खिंडीतला वारा कसा असतो, हाडं गोठतात. आणि खालच्या अंगानं हाक आली. पुरुषाचा आवाज. देवदत्तचा.

"मावशी! परत या! मैथिली सापडली! ती इथेच आहे!"

चांगुणा थांबली. मग खालूनच पोरीचा आवाज आला. तोच, नाक ओढत. "मावशी, मी खाली आलेय. तुम्ही कुणाचा हात धरलाय?"

शेजारची पोरगी म्हणाली, "मावशी, मी इथे आहे. तुमच्याजवळ."

खालून आवाज, "मावशी, मला तुम्ही तूप घातलंत. आठवतं ना? तिला सोडा! सोडा तिला!"

चांगुणानं हातातल्या हाताकडं बघितलं. अंधारात दिसतंय काय? पण हात गार लागला. बर्फासारखा गार. वाऱ्यानं गारठला होता हो! पण तिला तेव्हा ते सुचलं नाही. तुपाची गोष्ट पोरगी तळ्याकाठीच बोलली होती, हेही सुचलं नाही. भ्यालेलं माणूस आंधळं असतं.

तिनं हात झटकला. पोरीनं पदर धरला. "मावशी नको ना! मला नका सोडू! पाया पडते!"

चांगुणानं कोयता उचलला, सपकन पदर कापला आणि पोरीला छातीवर धक्का दिला. पोरगी कारवीत पडली. चांगुणा पळाली. खाली, खाली, जिथून आवाज आला होता तिथं.

तिथं कुणी नव्हतं.

ना देवदत्त, ना पोरगी. चिटपाखरूसुद्धा नाही. चांगुणा उभी राहिली, आणि तिला समजलं. सगळं एकदम समजलं. ती वळली. आणि तेवढ्यात वरून, तळ्याच्या बाजूनं, एक आवाज आला. कुणाचा सांगू? चांगुणाचा स्वतःचा!

"चल बाळा. आता हात सोडायचा न्हाय. चल बाळा."

आणि खिंडीतून ती पोरगी म्हणाली, "आले मावशी! थांबा, आले!"

केवढा आनंद होता म्हणे त्या आवाजात. चांगुणा ओरडली, "नको जाऊस! पोरी, ती मी न्हाय! मी इकडं हाय!" तर तेच शब्द तळ्याकडून आले, पठारावरून आले, कड्यावरून आले. मी इकडं हाय. मी इकडं हाय. मी इकडं हाय. पोरीनं कुणाचं ऐकावं? एका पायाचा बूट दगडावर वाजत गेला. चांगुणा वर धावली, घसरली, उठली, पुन्हा घसरली.

पाणी वाजलं. एकदाच.

मग सगळं गप्प. आणि थोड्या वेळानं चांगुणाच्या अगदी पाठीशी, मानेला गार श्वास लागेल एवढ्या जवळून, "मावशी." मैथिलीचा आवाज. "मावशी." चांगुणा पळत सुटली. "मावशी." आता ते तीनदा हाक मारायला शिकलं होतं! ओढ्यात पडली, दात तुटला, कोयता गेला. मागून ओल्या पावलांचा आवाज, चपक, चपक. अंबाड्याला कुणीतरी हात घातला, केसांचा झुपका उपटून आला, पण ती थांबली नाही. शिवेवरच्या शेंदऱ्या दगडाला जाऊन मिठी मारली तेव्हा पावलं थांबली. उजाडेपर्यंत दगडापलीकडं काहीतरी उभं होतं. रडत होतं. तिनं मान वर केली नाही.

सकाळी गड्यांनी पोरीला पाण्यातून काढलं. तिच्या मुठीत लुगड्याचा तुकडा होता. इतका घट्ट की सोडवता येईना.

दुपारी पोरीची आई आली. गावात तिला सांगितलं होतं, चांगुणा एकटी अंधारात तुमच्या पोरीसाठी गेली, तिला वाचवायच्या झटापटीत हिचा पदर फाटला, केस उपटले. तिघं पोरंही मान हलवत उभी होती. त्या बाईनं चांगुणाचे पाय धरले. म्हणाली, "शेवटपर्यंत तुम्ही तिला सोडलं नाहीत. हेच मला पुरे आहे."

चांगुणा तिला काय सांगणार? मरेपर्यंत त्या आईला खरं सांगितलं नाही. अकरा वर्षं ती आई दरसाल यायची, हिला लुगडं घेऊन यायची, आणि ही ते अंगावर घ्यायची. तिच्या देखत नेसायची. मला सांगताना म्हणाली, "भाऊ, मला चकव्यानं सोडलं रं. त्या माउलीनं न्हाय सोडलं."

तर पोरांनो, उद्या डोंगर चढा, खुशाल चढा. कड्याच्या अंगानं दुसरी वाट आहे, लांबची आहे, उन्हाची आहे, तिनं जा. खिंडीतली वाट घेऊ नका. ती जवळची आहे, सावलीची आहे, पायाला मऊ आहे. कुणीही भुलेल अशी आहे. ती घेऊ नका. आणि घेतलीत, तर तिथून तुमचं माणूस तुम्हाला किती का हाका मारेना, मला विचारायला येऊ नका की ती हाक खरी आहे की खोटी. ते मला सांगता येणार नाही. ते कुणालाच सांगता येत नाही.