मेणावर इस्त्री

सोलापूरच्या एसटी स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या रांगेत, माझ्यापुढे एक आई आणि तिची मुलगी.

"पायल, रागावू नगंस. पिशवी भरताना तुझ्या चित्रावर इस्त्री फिरवली."

"कुठल्या चित्रावर?"

"चादरीच्या सुतावर मेण ओतलंस, त्या. लई चुरगळलं हुतं गं. परदर्शनात लोक काय म्हणतील?"

"आई, उद्या मांडायचंय ते! मेण वितळलं असेल!"

"सगळं सुतात जिरलं."

"काढ आधी. बघू दे."

"हळू. मोडंल."

"मोडत नाहीये. आई, हे वाकतंय!"

"म्हंजे बिघडलं?"

"अगं, महिनाभर ओततेय, थंड झालं की तडकून पडतं. हे गुंडाळलं तरी तडकत नाही. आणि लाल सूत बघ कसं खुललंय! इस्त्री किती तापवली होतीस?"

"सुती लुगड्याला लागती तेवडी. वर जुना पेपर ठेवला हुता."

"पेपर कशाला?"

"इस्त्री खराब झाली असती की!"

"कमाल आहेस तू."

"मग चांगलं झालं म्हणतीस?"

"लई चांगलं."

"देवा! सकाळपास्नं घशाखाली चहा उतरला न्हाय. आता सांगते. एकच येगळं दिसलं असतं, म्हणून बाकीच्या चार चित्रांवरबी फिरवली."