दहाचा फोन

सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या संचालिका डॉक्टर मॅडम, व्यासपीठावरचे प्रशासक साहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि टेलिफोनच्या तारा सांभाळणारे आपल्या सगळ्यांचे तारकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि जेवणाची सुट्टी मोडून इथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून मी लोकांना 'जरा थांबा' म्हणत आले. आज सूत्रसंचालक मला तेच म्हणतील. त्यांनी म्हटलं तरी मी थांबणार नाही, कारण मला काकांचं कौतुक तर करायचं आहेच, पण एक कबुलीही द्यायची आहे.

काका इतकी वर्षं नेमकं काय करत होते, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. फोन लागला तर काकांची आठवण कोणाला येते? लागला नाही की मात्र सगळ्यांना येते!

आपल्या इमारतीत एक केबल येते आणि तिच्यात तीस लाइनी असतात. या तिसांचे गट पाडायचे, कोणता फोन कोणत्या गटातून आत येणार आणि कोणत्या गटातून बाहेर जाणार हे ठरवायचं, हे काकांचं काम. पहिल्या सोळा बाहेरून येणाऱ्या फोनसाठी. सतरा ते अठ्ठावीस आपण बाहेर लावतो त्यासाठी. आणि एकोणतीस, तीस या दोन फक्त तातडीच्या नंबरासाठी. तो नंबर वाजतो माझ्यासमोरच्या लाल फोनवर. मी नवीन असताना विचारलं होतं, "काका, सगळ्या एकत्रच ठेवल्या तर काय बिघडलं?" ते म्हणाले, "एकच अरुंद दार ठेवलं की आत येणारा आणि बाहेर जाणारा दारातच अडतात. मग ज्याला जास्त गरज, तोच बाहेर ताटकळतो."

आता त्यांची एक खोड सांगते. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला काका फाटकाबाहेर जायचे आणि आपल्या मोबाइलवरून तातडीचा नंबर लावायचे. "चालू आहे का?" मी म्हणायचे, "आहे, काका." की ठेवला. सुट्टी असली तर घरून. आम्ही पोरी हसायचो, "वाजले गं दहा!" एकदा मी चिडून म्हटलंच, "काका, माझ्यावर भरवसा नाही का तुमचा?" तेव्हा म्हणाले, "तुमच्यावर आहे हो. पण आत बसलेल्याला सगळं चालूच दिसतं. बंद आहे ते बाहेरच्यालाच कळतं."

सहा वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर त्यांचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा सकाळी सगळे विभाग एकदम बाहेर फोन लावायचे आणि लाइनी पुरायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेनऊला प्रशासक साहेब, रागावू नका साहेब, आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "त्या दोन लाइनी दिवसभर झोपा काढतात. द्या की बाहेर जाणाऱ्या गटाला." नाही म्हणणं माझं काम होतं. पण हातात पासवर्ड आला की शहाणपण थोडं पातळ होतं. मी दोन्ही लाइनी उचलल्या आणि त्या गटात टाकल्या. तक्रारी पाच मिनिटांत बंद! साहेबांनी शाबासकी दिली. लाल फोनही गप्प. शेजारणीला मी काय म्हटलं असेल? "आज किती शांत आहे नाही गं!"

दहा वाजून गेले, काकांचा फोन आला नाही. मला वाटलं, डोळ्याला पट्टी आहे, विसरले असतील. ते विसरले नव्हते. बोटांनी चाचपत ते नंबर लावत होते आणि तो एकसारखा व्यस्त लागत होता. मुख्य नंबर लावला तर 'आपण रांगेत आहात' आणि वर संगीत. ते संगीत त्यांनीच बसवलेलं! माझा मोबाइल नियमाप्रमाणे कपाटात होता. शेवटी त्यांनी काकूंना पिटाळलं.

पाऊण तासाने काकू आमच्या दारात, घरातल्याच चपला, धाप लागलेली. हातात चिठ्ठी. पट्टीखालून लिहिलेली, अक्षरं एकावर एक चढलेली: "एकोणतीस आणि तीस कुठे आहेत?"

कशाबशा दोन्ही लाइनी जागेवर आणल्या. चौथ्या मिनिटाला लाल फोन वाजला. एक माणूस ओरडत होता, "आई जिन्यावरून पडलीय हो, मघापासून लावतोय!" तो 'मघापासून' माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

रुग्णवाहिका गेली. आजी वाचल्या. महिन्याभराने काठी टेकत त्या परत आल्या, आभार मानायला नव्हे, तर इथलं जेवण अगदी आळणी असतं हे सांगायला. इतकी गोड तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती.

पण त्यांच्या मुलाने लेखी विचारणा केली आणि चौकशी लागली. साहेबांनी मला सरळ विचारलं होतं, "आपण लाइनी हलवल्या, त्याचा तर काही संबंध नाही ना?" मी 'नाही' म्हटलं. नोंदवहीत लिहिलं, 'तांत्रिक बिघाड'. आणि तांत्रिक म्हणजे कोण? काका. त्यांच्या कागदपत्रांत शेरा पडला, 'देखभालीत हयगय'. पट्टी निघाल्यावर काकांनी माझी नोंद वाचली. रागावले नाहीत, कोणाला बोलले नाहीत. खाली एक ओळ कोरी सोडली आणि म्हणाले, "इथे जागा ठेवली आहे. सोयीने भरा." सहा वर्षं ती वही रोज माझ्यासमोर होती. मला ती 'सोय' काही होईना.

काल दुपारी मी ती ओळ भरली. 'लाइनी मी हलवल्या. बिघाड नव्हता. चूक माझी होती आणि नंतरचं खोटंही माझंच.' काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "जागा पुरली ना?" मॅडम, त्या पानाची प्रत सकाळीच तुमच्या टेबलावर ठेवली आहे. काकांच्या नावावरचा शेरा आज निघावा आणि तो ज्याचा त्याला मिळावा, एवढीच विनंती आहे. मला जे मिळायचं ते मिळो. काल सहा वर्षांनी मी पोटभर जेवले, हे मी आधीच पदरात पाडून घेतलं आहे.

राहिली एक काळजी. उद्यापासून दहाचा फोन कोण करणार? आज सकाळी काका किल्ल्या द्यायला आमच्या खोलीत आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून समोरच्या स्टुलावर चहा पीत बसले होते. दहाला दोन मिनिटं कमी. मी एकदा घड्याळाकडे बघतेय, एकदा काकांकडे. ते जागचे हलेनात. दहा वाजले, आणि काका समोर बसलेले असताना लाल फोन वाजला.

उचलला. काकूंचा आवाज आला, "चालू आहे का गं?"

काका चहात बघत म्हणाले, "उद्यापासून आम्ही दोघंही बाहेरचेच. आलटून पालटून करू."

अध्यक्ष महोदया, आपण मला बोलू दिलंत, सभागृहाने शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. वेळेचं भान सुटलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि काकू, सकाळी मी काकांकडेच बघत राहिले, तुम्हाला उत्तर द्यायचं राहून गेलं. म्हणून इथे सगळ्यांसमोर देते.

आहे, काकू. चालू आहे.